विंडोजचा परवाना आणि बदलते यंत्र

एका संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या संगणकावर नेता येते का, हा प्रश्न १९७० पूर्वी फारसा कोणाला पडला नसता. मेनफ्रेमच्या काळात आयबीएम यंत्र बहुधा भाड्याने देई आणि ते चालवण्यासाठी लागणारे प्रोग्रॅम, प्रशिक्षण, दुरुस्ती हे सगळे त्या भाड्यातच येई. प्रोग्रॅमला वेगळी किंमत नव्हती, त्यामुळे त्यावरून भांडणही नव्हते. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने सॉफ्टवेअरचे भाव यंत्रापासून वेगळे काढत असल्याचे जाहीर केले. गंमत म्हणजे ही फारकत झाली ती मुख्यतः वरच्या कामाच्या प्रोग्रॅमांपुरती. यंत्र हलते ठेवणारी मूळ नियंत्रक प्रणाली आणखी काही वर्षे यंत्रासोबतच मिळत राहिली. ऑपरेटिंग सिस्टिम हा यंत्राचाच एक अवयव आहे, ही समजूत तिथून चालत आली आहे.

छोटे संगणक आले तसे चित्र बदलले. १९७५ मध्ये आल्टेअर ८८०० हा घरी जुळवायचा संच निघाला आणि त्यासाठी बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन यांनी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरचे हे बेसिक हौशी मंडळींनी नकला करून एकमेकांत वाटले. गेट्सने ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घालून त्यांना जाहीर पत्र लिहिले. हार्डवेअरचे पैसे देता, मग सॉफ्टवेअर फुकट का, असा त्याचा सूर होता.

पहिला खरा परवाना-वाद ग्राहकाशी झालाच नाही, तो दोन कंपन्यांमध्ये झाला. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीचे ८६-डॉस मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलरला सर्व हक्कांसह घेतले आणि त्याचेच आयबीएम पीसीचे डॉस झाले. विकताना सिअ‍ॅटलवाल्यांनी करारात एक कलम घालून घेतले होते: आपल्या हार्डवेअरसोबत डॉस विकताना मायक्रोसॉफ्टला काही द्यायचे नाही. त्या वेळी हे कलम किरकोळ वाटले असावे. चार वर्षांत डॉस जगभर पोचले, कंपनीचा धंदा मात्र बसत गेला. दुकानातला सर्वांत मोलाचा माल म्हणजे हे एक कलम आहे, हे तेव्हा मालकाच्या ध्यानात आले आणि तो ते दुसऱ्या कोणाला विकायला निघाला. ही सवलत तुमच्या यंत्राबरोबरची आहे, तेवढीच सोडवून विकता येणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने बजावले. प्रकरण कोर्टात गेले आणि १९८६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ९,२५,००० डॉलर मोजून तो हक्क परत घेतला. पुढे घरगुती ग्राहकाला जे उत्तर मिळू लागले ते हेच. फरक एवढाच की त्याच्या हक्काला कोणी सव्वानऊ लाख डॉलर देणार नव्हते.

१९८८ पासून मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी प्रति-प्रोसेसर करार सुरू केले. कारखान्यातून जितकी यंत्रे बाहेर पडतील तितक्यांचे पैसे द्यायचे, त्यांवर डॉस टाका किंवा टाकू नका. बदल्यात दर कमी. दुसऱ्याची ऑपरेटिंग सिस्टिम घातली तर पैसे दोनदा जाणार, म्हणून उत्पादक सहसा त्या वाटेला जात नसत. जुलै १९९४ मध्ये न्याय खात्याशी समझोता होऊन ही पद्धत थांबली. त्यावर न्यायालयाची मोहोर उमटायला ऑगस्ट १९९५ उजाडला, म्हणजे विंडोज ९५ ज्या महिन्यात दुकानांत आले तोच महिना. तोवर नवा संगणक म्हणजे नवा परवाना ही रीत पक्की झाली होती. घरी आधीचे विंडोज असलेला माणूसही नव्या यंत्राबरोबर ते पुन्हा विकत घेई आणि बिलात ती रक्कम वेगळी दिसत नसल्याने त्याला ते कळतही नसे.

याच सुमारास परवान्याच्या जाती ठरून गेल्या. उत्पादकामार्फत यंत्रासोबत येणारा तो ओईएम परवाना, दुकानातून खोक्यात मिळणारा तो रिटेल, आणि कंपन्या-कचेऱ्यांना घाऊक मिळणारा तो व्हॉल्यूम. ओईएम परवाना नोकरीबरोबर मिळणाऱ्या क्वार्टरसारखा होता: भाडे हलके, पण नोकरी सुटली की खोलीही सुटली. यंत्र भंगारात गेले की त्याचा परवानाही संपला, पुढच्या यंत्रावर त्याचा हक्क नाही. रिटेल खोके महाग, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर चढवता येणारे. या दोहोंच्या मध्ये अपग्रेड आवृत्ती होती. ती स्वस्त मिळे, पण आधीचे विंडोज असल्याचा पुरावा मागे. विंडोज ९५ ची अपग्रेड सीडी घातली की आधी हार्ड डिस्कवर जुन्या विंडोजचा शोध होई. डिस्क कोरी असली तर जुनी फ्लॉपी मागितली जाई. हार्ड डिस्क बदलणाऱ्या माणसाला त्यासाठी जुन्या फ्लॉप्यांचा गठ्ठा जपून ठेवणे भाग होते.

मात्र या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. सीडीवरची की टाइप केली की काम भागे, आणि तीच की दहा यंत्रांवर चाले. हे बदलले विंडोज एक्सपीने. २५ ऑक्टोबर २००१ ला आलेल्या एक्सपीमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन होते. तीस दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्टकडे नोंद केली नाही, तर विंडोज पुढे काम करू देत नसे.

त्यासाठी संगणकाची ओळख ठरवायला हवी होती, आणि ती ठरवण्याची रीत मुळातून पाहण्याजोगी आहे. एक्सपी दहा गोष्टी तपासे: डिस्प्ले कार्ड, स्कझी अ‍ॅडॅप्टर, आयडीई कंट्रोलर, नेटवर्क कार्डचा पत्ता, रॅमचे साधारण माप, प्रोसेसरचा प्रकार, प्रोसेसरचा अनुक्रमांक, हार्ड डिस्क, तिच्यावरील विभागाचा अनुक्रमांक आणि सीडी ड्राइव्ह. प्रत्येकाची फक्त त्रोटक खूण घेऊन ६४ बिटांचा एक आकडा तयार होई. त्यावरून यंत्र ओळखता येई, पण त्यात नेमके कोणते भाग आहेत हे उलटे काढता येत नसे. जर्मनीतल्या फुल्ली लायसन्स्ड या कंपनीने एक्सपी बाजारात येण्याआधीच, जुलै २००१ मध्ये, ही रचना उलगडून प्रसिद्ध केली, त्यामुळे मायक्रोसॉफ्ट घरातली माहिती उचलते हा आरोप बराचसा निवळला. यादीतली एखादी बाब तर कागदापुरतीच होती. प्रोसेसरचा अनुक्रमांक पेंटियम ३ मध्येच असे, बाकी बहुतेक यंत्रांत ती जागा रिकामीच राही.

पुढे हिशेब मोजणीचा होता. नेटवर्क कार्ड तेच असेल तर उरलेल्यांपैकी सहा गोष्टी बदलेपर्यंत विंडोज मुकाट राही. कार्ड बदलले असेल किंवा नसेलच तर चौथ्या बदलाला पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागे. बदल एकाच दिवशी झाले की दोन वर्षांत हळूहळू, याने फरक पडत नसे, बेरीज सुरूच राही. हार्ड डिस्क फॉरमॅट केली की विभागाचा अनुक्रमांक नवा होई, म्हणजे एकही सुटा भाग न घेता एक गुण गेला. मदरबोर्ड बदलला की आयडीई कंट्रोलर गेला, त्यावरच जडवलेले नेटवर्क आणि डिस्प्ले गेले, बहुधा प्रोसेसर आणि रॅमही नवी आली. मदरबोर्डचे नाव यादीत कुठेच नव्हते, तरी खरा घाव त्याच्यामुळेच बसे.

मर्यादा ओलांडली की फोन करावा लागे. पडद्यावर पन्नासेक आकड्यांची ओळ दिसे. ती गटागटाने वाचून दाखवायची, पलीकडून ४२ आकडे ऐकून घ्यायचे, सहा-सहाच्या चौकोनांत भरायचे. एखादा आकडा चुकला की तो गट पुन्हा. फोनवरचा माणूस साधारण एवढेच विचारी, की ही प्रत किती संगणकांवर आहे? एकावर, असे सांगितले की काम होई. एवढी मोजणी करणारी यंत्रणा शेवटी ग्राहकाच्या शब्दावर येऊन थांबत होती, आणि तिची उपयुक्त बाजू खरे तर हीच होती.

कारखान्यातून विंडोजसह आलेल्या नामवंत कंपन्यांच्या यंत्रांना हा व्याप नव्हता. त्यांच्या विंडोजचे कुलूप बायोसमधल्या खुणेला लावलेले असे. रॅम, डिस्क, कार्ड काहीही बदला, बायोस त्याच कंपनीचा आहे तोवर अ‍ॅक्टिव्हेशन विचारलेच जात नसे. दुसऱ्या कंपनीचा मदरबोर्ड बसवला की खूण नाहीशी. तेव्हा कॅबिनेटवरच्या स्टिकरवरची की वापरून अ‍ॅक्टिव्हेट करता येई. फेब्रुवारी २००५ अखेरपासून मोठ्या उत्पादकांच्या या स्टिकरवरच्या कींचे इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेशन मायक्रोसॉफ्टने बंद केले आणि फोनचा रस्ता तेवढा ठेवला, कारण स्टिकर खरवडून विकण्याचा वेगळाच धंदा उभा राहिला होता.

परवान्याच्या मजकुरात संगणक या शब्दाची व्याख्या होती कुठे? ओईएमच्या बाबतीत ती नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टने ती नंतर धोरण म्हणून सांगितली: मदरबोर्ड म्हणजेच संगणक. बाकी सगळे बदलले तरी तो जुनाच संगणक. मदरबोर्ड बदलला तर नवा संगणक आणि म्हणून नवा परवाना. अपवाद एकच, बोर्ड बिघडला म्हणून बदलला असेल तर परवाना टिकतो. जळलेला बोर्ड बदलणारा निर्दोष, वेगाच्या हौसेने बदलणारा मात्र नवा ग्राहक! हेतूवर उभे असलेले हे कलम कोणत्याही सॉफ्टवेअरला तपासता येण्यासारखे नव्हते. जोडणी करणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठीचे स्वस्त ओईएम पॅक एकेकाळी कोणत्याही सुट्या भागासोबत विकायची मुभा होती, त्यामुळे एखाद्या क्षुल्लक भागाबरोबर विंडोज विकले जाई. पुढे ते पूर्ण जोडलेल्या यंत्रासोबतच विकावे असे बंधन आले.

रिटेल परवान्यावर हात पडला तो एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाच्या वेळी. ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परवान्यात असे कलम होते की पहिल्या ग्राहकाला विंडोज दुसऱ्या यंत्रावर एकदाच हलवता येईल. वर्षा-दीड वर्षाला मदरबोर्ड बदलणाऱ्या हौशी मंडळींत यावरून गहजब झाला. हे लोक संख्येने थोडे, पण महागडे खोके घेणारे ग्राहक तेच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने कलम मागे घेतले: एका वेळी एकाच यंत्रावर असेल, तर कितीही वेळा हलवा. ग्राहकांच्या ओरड्याने परवान्याचा मजकूर बाजारात येण्याआधी बदलल्याचे असे ठळक उदाहरण विंडोजच्या इतिहासात सहसा सापडत नाही. अपग्रेड आवृत्तीची अट मात्र कडक झाली. जुनी सीडी दाखवून आता भागेना, जुने विंडोज यंत्रावर चालू असायला हवे होते. त्यावर उपाय तात्काळ निघाला. की न घालता व्हिस्टा एकदा चढवायचे आणि मग त्याच्यावरच त्याचे अपग्रेड करायचे. व्हिस्टाला स्वतःचीच कोरी प्रत जुने विंडोज म्हणून चालत होती.

तपासणी यंत्रणेवर किती विसंबावे याचा धडा २४ ऑगस्ट २००७ ला मिळाला. अस्सलपणा तपासणारे मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर बिघडले आणि रीतसर पैसे मोजलेली यंत्रे काही तास बनावट ठरली.

भारतात ही सारी चर्चा बराच काळ दुरून ऐकू येत होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणक असेंबल करून मिळे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट असे एकेका भागाचे कोटेशन लिहून घ्यायचे, घासाघीस करायची आणि संध्याकाळी यंत्र घरी न्यायचे. त्या कागदावर विंडोजची ओळ बहुधा नसे आणि तरी यंत्र विंडोजसह चालू होऊनच हाती पडे. एक्सपीच्या अ‍ॅक्टिव्हेशनमधून कचेऱ्यांसाठीची व्हॉल्यूम आवृत्ती वगळलेली होती, आणि तिची एक की एक्सपी दुकानांत येण्याआधीच जगभर फुटली होती. सप्टेंबर २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती अडवली, पण तोवर दुसऱ्या निघाल्या होत्या. अशा घरात मदरबोर्ड बदलला तर परवान्याचे काय, हा प्रश्न उद्भवतच नसे. दोन-तीनशे रुपये देऊन फॉरमॅट मारून घेतला की झाले. प्रश्न पडे तो ज्याने ओरिजिनल घेतले त्याला, हा या व्यवस्थेतला मोठाच अन्याय होता.

कायदा मात्र कागदावर कडक होता. प्रताधिकार कायद्यात १९९४ ला दुरुस्ती होऊन बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणेही गुन्हा ठरले: किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्याच कायद्याने कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती वापरण्यासाठी आणि नष्ट होण्याच्या भीतीपोटी जादा नक्कल करण्याची मोकळीकही दिली. स्वस्त पर्याय म्हणून २००५ मध्ये एक्सपीची स्टार्टर आवृत्ती हिंदीत आली. ती फक्त नव्या, हलक्या संगणकांसोबत मिळे, एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवी, आणि ठरावीक मापापुढची रॅम व डिस्क तिला चालत नसे. इथे परवान्याची अडचण यंत्र बदलण्यापर्यंत थांबतही नव्हती, यंत्र सुधारणेच मना होते. चार वर्षांनी आलेल्या विंडोज ७ स्टार्टरलाही दोन जीबी रॅमची मर्यादा होतीच.

एकदा विकलेल्या प्रतीवर विकणाऱ्याचा हक्क कुठवर, हे न्यायालयांनी वेगवेगळे ठरवले आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० ला निकाल दिला की ओईएम प्रत नव्या संगणकासोबतच विका हे बंधन मायक्रोसॉफ्ट पुढच्या दुकानदारावर लादू शकत नाही, कारण पहिल्या विक्रीनंतर प्रतीच्या वितरणावरचा तिचा हक्क संपतो. त्यामुळे जर्मनीत ओईएम विंडोज सुटे विकणे उघडपणे चालते. ३ जुलै २०१२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूज्डसॉफ्ट आणि ओरॅकल यांच्या खटल्यात हे तत्त्व डाउनलोड केलेल्या कायमस्वरूपी परवान्यालाही लावले, मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे. अमेरिकेचा कल उलटा आहे. २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले, की हस्तांतरावर बंधने घालणारा परवाना घेणारा हा प्रतीचा मालकच नव्हे. भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीडीवरचे सॉफ्टवेअर ही वस्तू आहे असे ठरवले, पण तो वाद विक्रीकराचा होता. त्याच न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालात परवान्यासह विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची चर्चा आली तीही आयकराच्या अंगाने. जुन्या संगणकाचे विंडोज नव्यावर चढवणाऱ्या ग्राहकाने स्वतःसाठी असा निकाल मिळवल्याचे उदाहरण समोर नाही, आणि काही हजारांच्या मालासाठी एवढ्या वर जाणार तरी कोण?

वाद मिटवले ते तंत्रानेच, तेही बाजू बदलून. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा कॅबिनेटवरची की गेली. प्रत्येक यंत्राची वेगळी की कारखान्यातच मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिली जाऊ लागली आणि विंडोज ती आपली आपण वाचू लागले. फॉरमॅट करणे यामुळे सोपे झाले, पण मदरबोर्ड म्हणजे संगणक हे धोरण आता अक्षरशः खरे झाले. बोर्ड गेला की कीही गेली.

२९ जुलै २०१५ ला विंडोज १० आले आणि वर्षभर विंडोज ७ व ८.१ वाल्यांना फुकट मिळाले. फुकट चढवलेल्या या विंडोजला वेगळी की नव्हतीच. यंत्राची खूण मायक्रोसॉफ्टकडे नोंदली जाई आणि डिस्क पुसून पुन्हा विंडोज टाकले तरी सर्व्हर त्याला ओळखे. मदरबोर्ड बदलणाऱ्याची मात्र पंचाईत झाली, कारण दाखवायला काही हातातच नव्हते. ऑगस्ट २०१६ च्या अपडेटमध्ये त्यावर मार्ग निघाला. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडायचा, नव्या बोर्डावर त्याच खात्याने शिरायचे, ट्रबलशूटर उघडून आपण नुकतेच हार्डवेअर बदलल्याचे सांगायचे आणि यादीतून आपला जुना संगणक निवडायचा. फोनवर आकडे वाचून दाखवण्याची जागा या यादीने घेतली. ओईएम आणि रिटेल यांतला भेद परवान्यात कायम आहे. फुकट अपग्रेडची मुदत कागदोपत्री जुलै २०१६ मध्ये संपली, पण विंडोज ७ च्या की पुढेही चालत राहिल्या. तो दरवाजा मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये लावला.

ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ ने अडचण दुसऱ्या बाजूला नेली. अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० चा परवाना ११ ला पुरतो, वेगळे पैसे नाहीत. पण टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक हवा, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. परवाना वैध असूनही लाखो चालू यंत्रे या अटीत बसत नाहीत. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशा यंत्राच्या मालकाकडे रिटेल परवाना असेल तर तो जुन्यावरून काढून नव्या मदरबोर्डावर नेता येतो. ओईएम असेल तर तो जुन्या बोर्डाबरोबरच राहतो.